खडकवासल्याचा सुदान ब्लॉक: नावामागची गोष्ट
एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण अकादमीच्या) मुख्य इमारतीला सुदानचं नाव का? दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेत भारतीय सैनिक सुदानसाठी लढले, बरेच कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ सुदान सरकारने १ लाख पौंड दिले. फाळणीत त्याचीही वाटणी झाली! भारताच्या वाट्याला ७० हजार पौंड आले आणि ते या घुमटाच्या इमारतीसाठी वापरले. नेहरूंनी ६ ऑक्टोबर १९४९ रोजी अकादमीची पायाभरणी केली. तोवर प्रशिक्षण डेहराडूनला सुरू झालं होतं. खडकवासल्याचं औपचारिक उद्घाटन जानेवारी १९५५ मधलं.

जागेची निवडही उगाच झालेली नाही. मुंबई सरकारने जमीन दिलीच, शिवाय बाजूला खडकवासला धरणाचं पाणी आणि समोर सिंहगड. युद्धकाळात इथे समुद्रातून किनाऱ्यावर उतरण्याचा सराव चाले, त्यासाठी जहाजाची प्रतिकृतीही उभारली होती.

संचलनाचं मैदान अरुण खेत्रपालांच्या नावाने आहे. १९७१ च्या बसंतरच्या लढाईत परमवीरचक्र मिळवणारे हे याच अकादमीचे छात्र, वय अवघं २१. माझ्या मते तिथे आधी पाहावं ते हे मैदान, घुमट नंतर.