१/३५ टी-३४/८५ : वॉश दिल्यावर आयडलरचा दांडा तुटला, पुढे काय?

हिरवा३४
१/३५ मापाचा टी-३४/८५ (सोव्हिएत रणगाडा) प्लास्टिकच्या किटमधून करतोय. एप्रिल १९४५, बर्लिनच्या लढाईतला. हल (खालचं धड) जोडून विनाइलचे ट्रॅक (चाकांवरचे पट्टे) चढवले आणि तामियाचा हिरवा एक्सएफ-५८ एअरब्रशने मारला. दुसऱ्या दिवशी वॉश (खाचांत सावली आणणारा पातळ रंग) म्हणून गडद तपकिरी एनॅमल हार्डवेअरच्या दुकानातल्या मिनरल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून चाकांच्या भागात भरपूर सोडला. सकाळी डावीकडचा पुढचा आयडलर (ट्रॅक फिरवून घेणारं टोकाचं चाक) दांड्यासकट निखळलेला, मागच्या स्प्रॉकेटच्या (ट्रॅक ओढणाऱ्या चाकाच्या) दांड्यालाही तडा. मधल्या पाच चाकांना काहीच झालेलं नाही. प्लास्टिकच खराब निघालं का?
शिवाय टरेट (तोफेचा फिरता बुरूज) अगदी गुळगुळीत आहे, खऱ्या गाडीचं ओतीव वाटत नाही. ते कसं करायचं? आणि बर्लिनचे पांढरे पट्टे मास्किंग टेपने काढावेत का? टरेट अजून रंगवलेलं नाही.

पातळथर
प्लास्टिक चांगलं आहे. मधली चाकं शाबूत आणि फक्त दोन टोकांचे दांडे गेले, कारण यातच आहे. विनाइलचा ट्रॅक रबरबँडसारखा आयडलर आणि स्प्रॉकेटला एकमेकांकडे ओढतो. म्हणजे ते दोन दांडे सतत ताणाखाली होते. ताणलेल्या पॉलिस्टायरिनला टर्पेंटाइन लागलं की ते बारीक भेगांतून आत शिरतं आणि तडा जातो. दांड्याचा चाकात शिरणारा भाग रंगाविना कोरा असतो, त्यामुळे तिथे अडवायलाही काही नसतं. टर्पेंटाइन नुसतं पुसून घेतलं असतं तर उडून गेलं असतं. चाकामागे त्याचं तळं साचलं आणि ते रात्रभर तिथेच राहिलं.

दुरुस्ती अशी करा. ट्रॅक आधी काढा. उजवीकडचाही काढा, तिकडेही तोच ताण आहे. मॉडेल दोन-तीन दिवस उघडं ठेवा, भेगेत मुरलेलं टर्पेंटाइन पूर्ण उडू द्या, नाहीतर गोंद धरणार नाही. तडा गेलेल्या दांड्यात पातळ सिमेंट (प्लास्टिक जोडायचा गोंद) ब्रशच्या टोकाने सोडा, ते आपोआप आत ओढलं जाईल. निखळलेल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना मधोमध ०.८ मिमी भोक पाडा, पिन व्हाइस (हाताचं छोटं ड्रिल) फिरवून. ड्रिल मशीन लावाल तर प्लास्टिक वितळेल. प्रत्येक बाजूला ४-५ मिमी शिरेल एवढी पितळी तार घ्या, सुपरग्लूने बसवा. गोंद ओढेपर्यंत आयडलर समोरून आणि वरून पाहून सरळ करून घ्या. तो किंचित तिरका राहिला तरी ट्रॅक उतरतो.

पुढच्या वेळी थरांचा क्रम पाळा : रंग, मग ग्लॉस क्लिअर (एक्स-२२, चकाकी देणारा पारदर्शक थर), डिकल (पाण्यात भिजवून लावायचं चित्र), पुन्हा ग्लॉस, मग वॉश, शेवटी मॅट. ग्लॉसला किमान २४ तास द्या, पावसाळ्यात ४८. वॉशसाठी बिनवासाचं एनॅमल थिनर घ्या. हार्डवेअरचं टर्पेंटाइन ब्रश धुवायला ठीक आहे, मॉडेलवर नको. वॉश सगळीकडे ओतू नका. ०० नंबरच्या ब्रशने बोल्टभोवती आणि सांध्यात टेकवा, १५-२० मिनिटांनी थिनरने जेमतेम ओलसर केलेल्या ब्रशने जास्तीचा वर ओढून घ्या.

एनसी थिनर (लॅकरचं थिनर) मात्र प्लास्टिकच्या जवळही आणू नका. ते प्लास्टिक थेट विरघळवतं. एअरब्रशचे धातूचे भाग धुवायला चालेल, तेही खिडकी उघडी ठेवून, मास्क लावून आणि रबरी रिंगा काढून. तामियाचा ॲक्रिलिक पातळ करायला त्यांचं थिनर एक्स-२०ए नसेल तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. औषधांच्या दुकानातल्या ७० टक्केवाल्यात पाणी असतं, रंग फाटल्यासारखा होतो.

ओतीवकाम
टरेटबद्दल. टी-३४/८५ चं टरेट ओतीव, पण हल लाटलेल्या पत्र्यांचा, वेल्ड करून जोडलेला. म्हणून खडबडीतपणा फक्त टरेटला आणि तोफेच्या मॅंटलेटला (तोफेच्या मुळाशी असलेल्या ढालीला) द्यायचा. बरेच जण पुढच्या उतरत्या पत्र्यालाही देतात आणि सगळी गाडी बिघडते.

मिस्टर सरफेसर ५०० (दाट प्रायमर) झाकणात थोडा ओता, दोन मिनिटं घट्ट होऊ द्या. जुन्या ताठ ब्रशचे केस ३ मिमी उरतील एवढे कापा आणि रुपयाच्या नाण्याएवढ्या भागावर ठोकत जा. ब्रश ओढायचा नाही, ठोकायचा. थर अर्ध्या मिलिमीटरच्या आत हवा. जाड झाला तर वरून वाळतो, आतला सॉल्व्हंट खालचं प्लास्टिक मऊ करतो आणि आठवड्याने खड्डा पडतो. २४ तासांनी ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने नुसते शेंडे कापा. बोट फिरवलं तर खरखर जाणवायला हवी, पण हातभर अंतरावरून दाणे दिसता कामा नयेत. दिसले तर १/३५ ला जास्त झालं.

टरेटच्या बाजूंना साच्याची जोडरेघ खऱ्या गाडीवरही होती. किटमधली रेघ घासून घालवू नका. छत मात्र वेगळा पत्रा आहे, वेल्ड केलेला. तो गुळगुळीत ठेवा आणि कडेने वेल्ड काढा : स्प्रू (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीत येतात तिची काडी) मेणबत्तीवर ताणून केसापेक्षा थोडी जाड तार करा, सिमेंटने चिकटवा, मऊ झाली की सुरीच्या बोथट बाजूने आडवे ठसे घ्या.

ओतीव पोलाद नेमकं कसं दिसतं हे डोळ्यांत बसवायचं असेल तर नगरच्या टँक म्युझियममधल्या सेंच्युरियनच्या टरेटवर उन्ह तिरकं पडत असताना पाहा. देश वेगळा, गाडी वेगळी, पण ओतीव पोलादाचा पोत नीट कळतो.

हिरवा३४
दोघांचेही आभार. दोन्ही ट्रॅक काढले. उजव्या आयडलरच्या मुळाशीही केसाएवढी भेग आहे, चाक लावलेलं असताना दिसत नव्हती. आता तेच विनाइल परत लावू की सुट्या कड्यांचा सेट घेऊ?

साखळी७२
सुट्या कड्यांचा घ्या. टी-३४ ला हे विशेष लागू आहे, कारण या गाडीला वरच्या बाजूला रिटर्न रोलर (ट्रॅक वर धरणारी छोटी चाकं) नाहीत. ट्रॅकचा वरचा भाग थेट मोठ्या चाकांवर विसावतो आणि आयडलर ते पहिलं चाक, पाचवं चाक ते स्प्रॉकेट, इथे झोळ पडतो. ताणलेलं विनाइल या दोन्ही ठिकाणी तारेसारखं सरळ राहतं. टी-३४ खोटा दिसायचं पहिलं कारण हेच.

खऱ्या गाडीला एका बाजूला ७२ कड्या. एक सपाट, एक मधल्या शिंगाची (मधोमध उभा उंचवटा असलेली), अशा आलटून पालटून. मॉडेलवर एखाद-दुसरी कडी कमीजास्त लागते, त्याने बिघडत नाही. स्प्रॉकेट दात्यांनी ओढत नाही. त्याच्या दोन चकत्यांमध्ये सहा रोलर असतात आणि ते शिंगांना धरतात. त्यामुळे शिंग दोन रोलरच्या मध्ये आलंच पाहिजे, हे गोंद सुकण्याआधी तपासा. शिंग रोलरवर चढलं तर ट्रॅक तिथे उचललेला दिसतो.

कड्या टेबलावर सरळ पट्टीला लावून साध्या घट्ट सिमेंटने जोडा, पातळ सिमेंट नको. ३०-४० मिनिटांनी पट्टा चामड्यासारखा वाकतो. त्या वेळी चाकांभोवती गुंडाळा, मडगार्ड आणि ट्रॅक यांच्या मध्ये स्पंजचे तुकडे खोचून वरचा भाग चाकांवर दाबा, रात्रभर ठेवा. चाकांना चिकटवू नका. पट्टा, आयडलर आणि स्प्रॉकेट मिळून एकसंध निघाले तर रंगकाम फार सोपं जातं. स्प्रॉकेट आणि आयडलर म्हणून फक्त दाबून बसवा. पितळी तार घातलेला दांडा त्याला चांगला टिकेल.

ट्रॅकचा रंग : आधी एक्सएफ-१० (तपकिरी) आणि एक्सएफ-६९ (काळा) समान भाग. नारिंगी गंज चढवू नका. चालत्या गाडीचा ट्रॅक जमिनीला आणि चाकांना घासून चकाकतो, गंज फक्त उभ्या गाडीवर येतो. जमिनीला टेकणाऱ्या कडा आणि शिंगांच्या बाजू यांवर मऊ पेन्सिल घासा. चाकांच्या रबराला शुद्ध काळा नको, एक्सएफ-८५ (रबरी काळा) घ्या. चाकाचा व्यास ८३० मिमी, म्हणजे मॉडेलवर २३.७ मिमी. कार्डात हिरव्या भागाएवढं गोल भोक कापून स्टेन्सिल केलं की दहाही चाकं अर्ध्या तासात होतात.

पातळथर
पांढऱ्या पट्ट्यांचं राहिलंच. टेप वापरू नका. बर्लिनला टरेटभोवतीचे पट्टे आणि छतावरचा क्रॉस सोव्हिएत आणि मित्रराष्ट्रांच्या विमानांना ओळख पटावी म्हणून घाईने ब्रशने मारलेले होते. कडा वाकडी, कुठे खालचा हिरवा डोकावतो, कुठे ओघळ. टेपची धारदार कड त्या गाडीवर परकी दिसते. पेन्सिलने फिकट खूण करा. एक्सएफ-२ (पांढरा) मध्ये थेंबभर एक्सएफ-५७ (फिकट बदामी) टाका आणि चपट्या ब्रशने दोन पातळ थर द्या, मध्ये तास जाऊ द्या. एकाच जाड थरात झाकायला गेलात तर ब्रश खालचा थर उकरून काढतो, कारण तामियाचा ॲक्रिलिक वाळल्यावरही स्वतःच्या थिनरने पुन्हा विरघळतो. हे ग्लॉस मारण्याआधी करा.

हिरवाही थोडा उजळा. एक्सएफ-५८ तीन भाग, एक्सएफ-४ (पिवळसर हिरवा) एक भाग. मॉडेल लहान असल्याने सरळ बाटलीतला रंग वॉशनंतर जवळजवळ काळा दिसतो.

ओतीवकाम
खरचटलेल्या रंगाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. या गाड्यांवर पायदळ बसून जायचं. म्हणून झीज हँडरेलवर, मडगार्डच्या कडांवर आणि इंजिनच्या झाकणावर दाखवा. तिथे रंग बुटांनी आणि कपड्यांनी घासून गुळगुळीत, किंचित चमकणारा होतो. पोलाद उघडं पडेलच असं नाही. मॅट मारून झाल्यावर त्या जागांवर बोटाने कोरडं घासलं तरी तो परिणाम मिळतो. स्पंजने गडद ठिपके फक्त हॅचच्या (आत उतरायच्या झाकणाच्या) कडेला, तेही कागदावर टिपून जवळजवळ कोरडा झालेला स्पंज घेऊन.

हिरवा३४
एक शेवटचं. पट्टे हाताने रंगवतो, पण टरेटचे नंबर किटमधले डिकल लावायचेत. आधीच्या मॉडेलवर डिकलखाली चंदेरी झाक आली होती.

साखळी७२
मॅट रंगाच्या खडबडीत पृष्ठभागात हवा अडकते, तीच चंदेरी दिसते. तुमच्या टरेटला तर आता मुद्दाम पोत येणार, त्यामुळे नंबराच्या जागी ग्लॉसचे दोन थर द्या. डिकल कोमट पाण्यात २०-३० सेकंद, खाली आणि वर सॉफ्टनर (डिकल मऊ करणारं द्रव). सुरकुत्या पडतील, हात लावू नका, त्या आपोआप बसतात. वाळल्यावर कुठे चंदेरी उरली तर बारीक सुईने त्या जागी टोचून पुन्हा सॉफ्टनरचा एक थेंब सोडा.