नॉमिनी लावलाय, मग मृत्युपत्र कशाला?

सेक्रेटरी (बी-१०२): तिसऱ्यांदा सांगतोय. अकरा फ्लॅटचे नॉमिनेशन फॉर्म अजून सोसायटीकडे आलेले नाहीत. तीन प्रतींत द्यायचे आहेत.

कुलकर्णी काका (ए-३०३): माझा कधीच दिलाय. थोरल्याचं नाव घातलंय. फ्लॅटचा विषय संपला.

वकील ताई (सी-४०१): काका, संपला नाही. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तर सहकार कायद्यातच आहे, वारस ठरेपर्यंत नॉमिनी फक्त तात्पुरता सभासद. मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने काकू, दोन्ही मुलगे, मुलगी आणि आजी, सगळ्यांना सारखा वाटा.

कुलकर्णी काका: आईलाही? ती ९१ वर्षांची आहे!

वकील ताई: हो. आई पहिल्या वर्गातली वारस, म्हणजे बायको-मुलांच्या बरोबरीची. वडील मात्र दुसऱ्या वर्गात.

कुलकर्णी काका: असो. आमच्या मुलांत भांडणं नाहीत.

देशपांडे वहिनी (बी-४०४): भांडण नसतानाही होतं हो काका. माझी मावशी शाळेत शिक्षिका होती, सदाशिव पेठेतला फ्लॅट स्वतःच्या पगारातून घेतलेला. मूलबाळ नाही, तिचे यजमान आधीच गेले. शेवटची सात वर्षं माझ्या धाकट्या बहिणीने तिचं सगळं केलं, अगदी डायपरपर्यंत. मावशी सारखी म्हणायची, 'हे घर तुझंच.' लिहिलं मात्र काहीच नाही. फ्लॅट गेला मावशीच्या दिराच्या मुलांकडे. ती माणसं वाईट नाहीत, दिवाळीला फराळ पाठवायची. पण कागद त्यांच्या बाजूने होता.

मनीषा (सी-२०१): म्हणजे माहेरच्यांना काहीच नाही??

वकील ताई: मुलं आणि नवरा नसेल तर बाईची स्वकमाईही आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. आईवडिलांकडून वारशाने आलेलं तेवढं वडिलांच्या वारसांकडे. म्हणून एकट्या बायकांनी तर आधी लिहावं.

जोशी (ए-१०४): उद्या गुरुवार, पाणी बंद आहे का?

सेक्रेटरी: जोशी, वर नोटीस आहे. स्क्रोल करा.

मनीषा: ताई, स्टँपपेपर लागतो का? खर्च किती?

वकील ताई: साधा कागद चालतो, स्टँप ड्युटी नाही. हाताने लिहिलं तरी चालेल. दोन साक्षीदारांसमोर सही करायची, मग तुमच्यासमोर त्यांनी. वाटा मिळणाऱ्याला शक्यतो साक्षीदार करू नका. एक साक्षीदार फॅमिली डॉक्टर असले तर उत्तम, पुढे कोणी 'बाबांचं डोकं ठिकाणावर नव्हतं' म्हणायला नको. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकांकडे करून ठेवलेली बरी. आणि मत बदललं तर नवीन लिहा, शेवटचं तेच खरं.

कुलकर्णी काका: आमची ही म्हणते, असलं लिहिणं अशुभ.

देशपांडे वहिनी: मावशीही हेच म्हणायची.

(रात्री ९:४०)

कुलकर्णी काका: रविवारी सकाळी दोन साक्षीदार हवेत. डॉक्टर एक येतायत, दुसरं कोण? चहा-पोहे मिळतील. आत काय लिहिलंय ते वाचायला मिळणार नाही.

वकील ताई: साक्षीदाराने वाचायची गरजही नसते काका. सही करताना बघितलं की झालं.

जोशी: मी येतो. पोह्यांवर ओलं खोबरं असेल ना?

सेक्रेटरी: काका, तुमचा फॉर्म फाइलमध्ये एकाच प्रतीत आहे. रविवारी उरलेल्या दोनही द्या.