न्यू बेडफर्डच्या उत्सवामागचे मंडळ मदेराचे कसे, पोर्तुगालचे का नाही?

चौकस:
नमस्कार मंडळी. माझा मुलगा मॅसॅच्युसेट्समधील डार्टमथ येथे शिकतो. त्याच्याकडे गेले असताना ऑगस्टच्या पहिल्या शनिवार-रविवारी शेजारच्या न्यू बेडफर्ड शहरातील पोर्तुगीज उत्सव पाहण्याचा योग आला. मैदानात निखाऱ्यांची लांबच लांब भट्टी होती. लोक गोमांसाचे तुकडे वजनावर विकत घेऊन, मीठ-लसूण लावून, स्वतःच लांब शिगांत ओवून भाजत होते, आणि बिअर आणायला गेलेल्या अनोळखी माणसाची शीग शेजारचा न सांगता फिरवत होता. (मी शाकाहारी, त्यामुळे वाऱ्याची दिशा पाहून उभी होते.) मला पडलेला प्रश्न असा की, हा उत्सव चालवणारे मंडळ पोर्तुगालच्या नावाने नसून मदेरा या पोर्तुगालच्याच अटलांटिकमधील बेटाच्या नावाने आहे. असे का? आणि ही मंडळे उत्सवाखेरीज नेमके काय करत असत?

अटलांटिककाठी:
मी बावीस वर्षे न्यू बेडफर्डजवळच्या फॉल रिव्हरमध्ये राहतो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. येथे आलेली बहुतेक माणसे पोर्तुगालच्या मुख्य भूमीवरची नव्हतीच. देवमाशांच्या शिकारीला निघालेली न्यू बेडफर्डची गलबते अझोरेस या पोर्तुगालच्याच अटलांटिकमधील बेटांवर, विशेषतः फायाल बेटावरील ओर्ता बंदरात, पाणी-भाजीपाला घेण्यासाठी थांबत आणि जाताना खलाशी म्हणून तेथील पोरे घेऊन जात. शिकार मंदावली, कापडगिरण्या वाढल्या, आणि मग अझोरेसपैकीच सांव मिगेल बेटावरून व मदेराहून कुटुंबेच्या कुटुंबे आली. त्यांच्या लेखी ‘आपला माणूस’ म्हणजे आपल्या बेटाचा, किंबहुना आपल्या गावच्या चर्चचा. मिगेलच्या माणसाचे उच्चार फायालच्या माणसाला खटकत. ‘पोर्तुगीज’ हे नाव त्यांना येथील गिरणीच्या मुकादमाने आणि जनगणनेच्या कारकुनाने दिले, असे मी म्हणेन.

तुम्ही पाहिलेला उत्सव 1915 साली मदेराहून आलेल्या चौघांनी सुरू केला. आपल्या गावी चर्चच्या सणाला जसा मांडव सजतो आणि बाजा वाजतो, तसा सण शहराच्या उत्तर भागातील आपल्या चर्चमध्ये व्हावा, एवढीच त्यांची इच्छा होती. पुढे सणाचा पसारा चर्चच्या आवारात मावेना, तेव्हा मैदान, कायमची बांधकामे आणि मंडळ असे सारे उभे राहिले. म्हणजे मंडळाने सण काढला नाही, सणाने मंडळ उभे केले.

दुसरा भाग पैशांचा. त्या काळी गिरणीत ना विमा होता, ना आजारपणाची भरपगारी रजा. त्यामुळे अनेक पोर्तुगीज संस्थांचा पाया म्हणजे दरमहाची वर्गणी, आणि तिच्यातून आजारी सभासदाला मदत व मेलेल्याचा अंत्यविधी. 1928 च्या एप्रिलमध्ये मालकांनी 10 टक्के पगारकपात जाहीर केल्यावर न्यू बेडफर्डच्या गिरण्या ऑक्टोबरपर्यंत बंद होत्या. कुशल कामगारांच्या जुन्या संघटनांनी ज्यांना फारसे जवळ केले नव्हते, ते पोर्तुगीज कामगार या संपात आघाडीवर होते. मराठी माणसाला येथे थांबावेसे वाटते, कारण गिरणगावातला मोठा संपही याच वर्षी एप्रिल ते ऑक्टोबर चालला होता.

खाडीपलीकडे:
कॅलिफोर्नियात क्रम उलटा दिसतो. येथे आधी मदतनिधी आला. सॅन लिआंड्रो येथे 1880 साली स्थापन झालेली ‘उनियांव पोर्तुगेझा’ ही संस्था मुळात एकमेकांना आधार देण्यासाठीच होती. सभासद प्रामुख्याने अझोरेसचे, पुढे त्यांच्यातले कितीतरी जण दूधधंद्यात शिरले. बायकांनी 1898 साली ओकलंडमध्ये पोर्तुगालच्या संत राणी इसाबेलच्या नावाने वेगळी संस्था काढली. माझ्या मते ती पुरुषांच्या संस्थांइतकीच महत्त्वाची आहे, पण तिचा उल्लेख कोणी सहसा करत नाही. आमच्या गावच्या सभागृहात पवित्र आत्म्याच्या सणाला गोमांसाच्या रश्शात भिजवलेला पाव, वर पुदिना, असे ताट येईल त्याला फुकट वाढतात. दुष्काळात गरिबांना जेवू घालणाऱ्या याच राणी इसाबेलचे हे व्रत मानतात. गावजेवणच म्हणा.

धोबीतलाव:
मंडळे गावागणिक वेगळी असणे आपल्याला नवीन वाटायला नको. मुंबईत धोबीतलाव, डाबूल, माझगाव या भागांत गोव्याच्या माणसांनी गावागणिक ‘कूड’, म्हणजे गावकऱ्यांची सामायिक निवासस्थाने, काढले होते, आणि 1961 पर्यंत हे सभासद कागदोपत्री पोर्तुगालचेच प्रजाजन होते. बोटीवरची नोकरी मिळेपर्यंत खलाशी तेथे आपली पेटी ठेवून राहत, संध्याकाळी वेदीसमोर सगळे मिळून रोझरी म्हणत. गाव बदलले की कूड बदलला. मात्र एक फरक आहे: कूड ही परत जाणाऱ्यांची जागा होती, तर न्यू बेडफर्डची मंडळे मुक्काम ठोकलेल्यांची.

चौकस:
सर्वांचे आभार. बेटांचे हे वेगळेपण आजही तितकेच आहे का? आणि संध्याकाळी तेथे काय चालते?

अटलांटिककाठी:
वेगळेपण बरेच बोथट झाले आहे. 1957 च्या सप्टेंबरात फायालच्या किनाऱ्यालगत कापेलिन्यूस ज्वालामुखी जागा झाला आणि वर्षभर राख पडत राहिली. त्यानंतर केनेडी आणि पास्तोरे या दोन अमेरिकी सेनेटरांच्या पुढाकाराने 1958 साली खास कायदा होऊन 1,500 कुटुंबप्रमुखांना व्हिसा मिळाले. 1965 च्या अमेरिकी स्थलांतर कायद्याने दार आणखी उघडले. या नव्या लोंढ्याने मंडळांना पुन्हा पोर्तुगीज बोलणारी माणसे मिळाली. विम्याचे काम तोवर सरकारने आणि कंपन्यांनी घेतले होते. राहिले ते सण, बँड, फुटबॉल आणि पत्ते.

संध्याकाळी गेलात तर ‘सुएका’ हा पत्त्यांचा खेळ चाललेला दिसेल. चाळीस पाने, चार भिडू, दोन जोड्या, एकूण 120 गुण. एक्क्यानंतर मान सत्तीचा, आणि गुलाम राणीच्या वर. भिडूला खूण करायची नसते, तरी भुवया हलतातच. बाकी जुनी वर्तमानपत्रे आणि छायाचित्रे पाहायची असल्यास फार लांब जायला नको: मुलाचे विद्यापीठ डार्टमथमधील सरकारी विद्यापीठ असेल, तर फेरेरा-मेंडेस पोर्तुगीज-अमेरिकन अभिलेखागार त्याच्याच ग्रंथालयात आहे.