नुसतं दाखवू नका, ओढू द्या

‘संगणकावर पोरं नुसती बघत बसतात’ हे म्हणणं व्हिडिओपुरतं खरं आहे. जिओजेब्रा या भूमिती-गणिताच्या सॉफ्टवेअरचं तसं नाही, त्यात आकृती स्वतः हलवता येते. मी यावल तालुक्यात नववीला गणित शिकवतो. त्रिकोणाचा शिरोबिंदू माउसने धरून ओढायला दिला. कोन बदलत होते, बेरीज मात्र १८० अंशच. एका मुलीने तो ओढत ओढत थेट समोरच्या बाजूवर टेकवला आणि ओरडली, “सर, दोन कोन शून्य, तिसरा एकटाच १८०!” खडू-फळ्यावर हे मला कधी दाखवता आलं नव्हतं. सॉफ्टवेअर शाळांना मोफत आहे, एकदा उतरवलं की इंटरनेट लागत नाही. विजेचा भरवसा नसतो, म्हणून लॅपटॉप रात्रीच चार्ज करून ठेवतो. विज्ञानात मात्र कांद्याचा पापुद्रा मुलांनी स्वतः सोलून सूक्ष्मदर्शकाखालीच बघावा, पडद्यावर नव्हे.