संस्थेच्या हिशेबासाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

रानजाई

नमस्कार मंडळी. जव्हारजवळ मुलींचं वसतिगृह आणि पाड्यांवर बालकुपोषणाचं काम करणाऱ्या एका न्यासाची मी कार्यवाह आहे. आजवर रोजकीर्द वहीत आणि बाकीचं एक्सेलमध्ये असं चाललं. नुसती लोकवर्गणी होती तोवर ते पुरलं. आता दोन कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी येतो, परदेशी निधी घेण्यासाठी लागणारी एफसीआरए नोंदणी मिळाली आहे आणि पहिला परदेशी निधी मंजूर झालाय. प्रत्येकाला यूसी, म्हणजे निधी कशावर खर्च झाला त्याचं प्रमाणपत्र, आपापल्या नमुन्यात हवं. स्वयंपाकीणबाईंचा निम्मा पगार एका कंपनीच्या निधीतून, निम्मा लोकवर्गणीतून. जीपचं डिझेल तर तिघांत वाटायचं. तिमाही संपली की आमची हिशेबनीस रात्री जागून एकेक बिल पुन्हा चाळते.

आमचे सीए नाशिकला. ते म्हणतात, टॅली घ्या. एक विश्वस्त म्हणतात, ऑनलाइनच घ्या, मुंबईत बसून बघता येईल. एक विक्रेता 'खास एनजीओंसाठी' म्हणून पॅकेज दाखवून गेला, त्याची वार्षिक फी आम्हाला जड आहे. पावसाळ्यात इथे नेटचा भरवसा नसतो. हिशेबनीस बारावी कॉमर्स, कामाला चोख, इंग्रजी बेताचं. काय घ्यावं?

खतावणी

रानजाईताई, नाशिक-धुळे भागातल्या संस्थांचे हिशेब मी बरीच वर्षं बघते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सॉफ्टवेअरचं नाव क्षणभर बाजूला ठेवा आणि तुमच्याकडून बाहेर कोणते कागद जातात ते बघा. धर्मादाय आयुक्तांकडे अनुसूची ८ चा ताळेबंद आणि अनुसूची ९ चं उत्पन्न-खर्च पत्रक. आयकरासाठी लेखापरीक्षकाचा अहवाल. २०२४-२५ च्या हिशेबाला परदेशी निधी आलेल्या संस्थेला, रक्कम कितीही छोटी असो, तो १०बीबी नव्हे तर १०बी नमुन्यात लागतो. गृह मंत्रालयाकडे ३१ डिसेंबरच्या आत परदेशी निधीचं वार्षिक विवरणपत्र, एफसी-४. आणि प्रत्येक दात्याचं यूसी.

आता तुमचं डिझेलचं एकच बिल घ्या. अनुसूची ९ विचारते की हा खर्च शैक्षणिक उद्दिष्टावर झाला की वैद्यकीय मदतीवर. दाता विचारतो, माझ्या पैशातून किती? तुम्हाला स्वतःला कळायला हवं की वसतिगृहाचं किती आणि कुपोषणाचं किती. म्हणजे एका नोंदीने तीन प्रश्नांची उत्तरं दिली पाहिजेत: खर्च कशाचा, कुणाच्या पैशातून, कुठल्या उपक्रमासाठी. जे सॉफ्टवेअर ही तिन्ही उत्तरं व्हाउचर (व्यवहाराची नोंद) भरतानाच लिहून घेतं ते तुमच्या कामाचं. बाकी रंगीत डॅशबोर्ड वगैरे नसले तरी काही अडत नाही.

टॅलीत हे होतं. दोन कॉस्ट कॅटेगरी करा, एक 'दाता' आणि एक 'उपक्रम', आणि त्यांच्याखाली कॉस्ट सेंटरं, म्हणजे एकेका दात्याचे आणि उपक्रमाचे कप्पे. खर्च कशाचा ते लेजर, म्हणजे त्या खर्चाचं खातं, सांगतं. मग डिझेलची तीच रक्कम दात्यांमध्येही वाटता येते आणि उपक्रमांमध्येही. पगारासारख्या ठरलेल्या वाटणीची टक्केवारी आधीच बसवून ठेवता येते. एक गोष्ट मात्र मी अनेक संस्थांमध्ये सुटलेली बघितली आहे: सीएसआरच्या पैशातून संगणक घेतला की तो मालमत्तेच्या लेजरला जातो, आणि त्या लेजरला व कॅटेगरीला कॉस्ट सेंटर लागू केलेलं नसेल तर दात्याच्या अहवालात तो दिसतच नाही. हे पहिल्याच दिवशी तपासा.

परदेशी निधीसाठी टॅलीत वेगळी 'कंपनी', म्हणजे हिशेबाचा स्वतंत्र संच, उघडा. कायद्यानेच त्याची पुस्तकं वेगळी लागतात. एफसीआरएच्या २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसे आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच येतात आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या वर जाता कामा नये. त्यामुळे कार्यालयाचं भाडं, हिशेबनिसाचा पगार असली हेड पहिल्यापासून वेगळ्या गटात ठेवा. एकदा स्थानिक खात्यातून खर्च करून मागाहून परदेशी निधीतून भरून घ्यायची सवय अजिबात लावू नका.

विक्रेत्याला पुन्हा बोलवायचं असेल तर जरूर बोलवा, पण त्याचा तयार नमुना बघू नका. गेल्या तिमाहीतली सगळ्यात किचकट बिलं टेबलावर ठेवा आणि नोंदी तुमच्या हिशेबनीस मुलीला करू द्या, त्याला नव्हे. रोज त्या खुर्चीत तीच बसणार आहे. तिला जमलं नाही तर ते पॅकेज कितीही मोठं असो, परत पाठवा.

माझं मत टॅलीलाच आहे. नेटशिवाय चालतं, आणि उद्या माणूस बदलला तरी तालुक्याच्या गावात ते येणारं कुणीतरी मिळतं.

पाटाचं पाणी

खतावणीताईंनी नीट मांडलंय. दुसरी बाजू सांगतो. आमची कार्यालयं तीन गावांत आहेत, त्यामुळे आम्ही झोहो बुक्स हे ऑनलाइन सॉफ्टवेअर वापरतो. बिलाचा फोटो नोंदीलाच जोडता येतो, आणि दाता व उपक्रम यांसाठी रिपोर्टिंग टॅग लावता येतात. पण तुमच्या नेटची गत बघता मीही तुम्हाला हे सुचवणार नाही.

आणि ऑनलाइन काहीही घेतलं तरी दर महिन्याला सगळी लेजरं आणि ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी) आपल्या संगणकावर उतरवून ठेवायचीच. क्विकबुक्सने २०२३ मध्ये भारतातली सेवा बंद केली, तेव्हा त्यांच्या ग्राहकांना सगळं दुसरीकडे हलवावं लागलं.

फुकटातलं म्हणाल तर जीएनयूकॅश चांगलं आहे, पण दातानिहाय अहवालासाठी त्यात फार खटपट करावी लागते. ईआरपीनेक्स्ट मुक्तस्रोत आहे, ताकदवान आहे. ते सांभाळायला मात्र जाणकार माणूस लागतो. जव्हारला तो कुठून आणणार?

रानजाई

दोघांचेही मनापासून आभार. तीन प्रश्नांचं ऐकून हिशेबनीस म्हणाली, "हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं." आणखी दोन शंका. पाड्यानुसारही कॉस्ट सेंटर करावं का? आणि देणगीदारांना आयकर सवलतीसाठी लागणाऱ्या ८०जीच्या पावत्या टॅलीतूनच द्यायच्या का?

खतावणी

दाता पाड्यानुसार हिशेब मागत नसेल तर करू नका. जेवढे कप्पे जास्त, तेवढी घाईत चुकीच्या कप्प्यात पडलेली बिलं जास्त. तुमच्या कामाला दात्यांची चार-पाच आणि उपक्रमांची तीन-चार सेंटरं पुरतात.

पावत्यांचं रजिस्टर वेगळं ठेवा, साध्या एक्सेलमध्ये चालेल: देणगीदाराचं नाव, पत्ता, पॅन, रक्कम, रोख की बँकेतून, आणि मूलनिधीसाठी की विशिष्ट कामासाठी. ३१ मेच्या आत आयकर खात्याकडे देणग्यांचं विवरणपत्र, १०बीडी, भरताना हीच माहिती लागते. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क बसतं. वर्गणीदारांकडून पॅन पावती फाडतानाच घ्या. मे महिन्यात फोन करत बसलं की निम्मे लोक सापडत नाहीत.

सुरुवात १ एप्रिलपासूनच करा, अधल्यामधल्या महिन्यात नको. तोवर ३१ मार्चला प्रत्येक दात्याचे किती पैसे शिल्लक राहतील ते सीएंबरोबर बसून काढा आणि आरंभीची शिल्लक दातानिहाय भरा. अमुक कामासाठीच म्हणून आलेला, न खर्चलेला निधी अनुसूची ८ मध्ये निर्धारित निधी म्हणून दाखवायचा की कसं, हेही त्याच बैठकीत पक्कं करा. एक्सेलमधली एकच मोठी शिल्लक उचलून टॅलीत टाकली तर पुढच्या तिमाहीलाही तिला रात्री जागावंच लागेल.