मदत हवी आहे: खाजगी मातीच्या बंधाऱ्याच्या सांडव्याला जाळी लावावी का?

मंडळी, वेल्हे भागात आमच्या घरच्या जमिनीवर आजोबांनी बांधलेला मातीचा बंधारा आहे. उंची साधारण सात मीटर. तलावाकाठी आता कृषी पर्यटन चालतं, कयाक आहेत, गळ टाकून मासेमारी आहे. पावसाळ्यात मासे सांडव्यावरून (जादा पाणी बाहेर जायची वाट) वाहून जातात म्हणून चुलतभावाला तिथे लोखंडी जाळी ठोकायची आहे. माझा ठाम विरोध आहे.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात साऊथ फोर्क नावाचं असंच मातीचं धरण एका श्रीमंतांच्या क्लबकडे होतं. मासे जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या होत्या, त्यात पालापाचोळा अडकला. माथाही आधीच खाली उतरवलेला, तळातून पाणी सोडायच्या नळ्या काढून टाकलेल्या. ३१ मे १८८९ ला पाणी माथ्यावरून गेलं, धरण फुटलं, खाली जॉन्सटाऊनमध्ये २,२०० च्या वर माणसं गेली. चुलतभावाला हे सांगितलं तर म्हणतो, "आपलं डबकं कुठे, ते कुठे!" पण आमच्या खालच्या अंगालाही वाडी आहे.

दुसरी काळजी मोठी आहे. पायथ्याशी पूर्वी नितळ पाणी पाझरायचं, यंदा ते गढूळ येतंय आणि तोंडाशी बारीक मातीचा ढीग साचतो. भराव आतून वाहतोय का? उतारावर बाभळीही माजल्यात; तोडल्या तर मुळं कुजून पोकळ्या होतील ना?

२०२१ चा धरण सुरक्षा कायदा दहा मीटरच्या आतल्या धरणांना लागू नाही, मग तपासणीला नेमकं कुणाला बोलवायचं? निवृत्त पाटबंधारे अभियंता किंवा माती परीक्षणवाले कुणी ओळखीचे असतील तर कृपया सांगा. तोवर पातळी किती उतरवून ठेवू?