फवारा आजच थांबवा

खानापूरच्या मित्रा, तू लिहिलंयस की जूनपासून पेटीत रोज पाण्याचा फवारा मारतोस, तरी तुझा चिलियन रोझ, म्हणजे पाळलेला टॅरंटुला कोळी, सारखा काचेवर चढून बसतो. ओलावा कमी पडतोय का? अरे, उलट जास्त होतोय! ही जात चिलीतल्या कोरड्या भागातली. पायाखालचं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ओलं लागलं की ती वर चढते. आपल्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे फवारा कशाला? ओलं कोकोपीट काढ, कोरडं भर, पाण्याची उथळ वाटी ठेव, जाळीतून वारा खेळू दे. एवढं पुरे. कोकोपीटचा थर मात्र जाड ठेव, कारण उंचावरून पडला तर पोट फुटून कोळी मरतो.

एप्रिलमध्ये माझा कोळी उताणा पडलेला बघून मी घाबरलो होतो. तो कात टाकत होता. मरणारा कोळी पाय पोटाखाली मुडपून घेतो, उताणा पडत नाही. अशा वेळी हात लावू नकोस आणि खायला सोडलेला जिवंत नाकतोडा आत असेल तर लगेच काढ, तो मऊ अंगाला चावतो. कात टाकल्यावर सुळे पांढरे दिसतात. ते काळे झाल्याशिवाय खायला देऊ नकोस.